सत्तावीस पोती कोंडा

राईस मिलमध्ये तिला सगळे चिमटाबाई म्हणत. एक तर तिच्या हातात दिवसभर चिमटा असायचा, तांदळाचा एकेक दाणा उचलून भिंगाखाली धरायला. आणि दुसरं म्हणजे तिच्या बोलण्यालाही चिमटा होता. दुधात पाणी किती, कापड धुतल्यावर आटेल किती, शेजारीण आज हसली ती कशासाठी, सगळ्याची तिला आधी शंका. नवरा म्हणायचा, "तुला जेवायला वाढताना माणसाचा हात थरथरतो. आता पावती मागशील असं वाटतं." यावर ती हसायची नाही. हा आजच असं का म्हणाला, याचा विचार करत बसायची.

तर अशा बाईला कुणीतरी नऊ आठवडे फसवत होतं आणि तिला त्याचा वासही नव्हता.

वास लागला तो थोरल्या बहिणीच्या फोनने. ताई एका वृद्धाश्रमाचं स्वयंपाकघर सांभाळायची. बेचाळीस माणसांचं दोन्ही वेळचं जेवण तिच्या हाताखालून जायचं. एका सकाळी तिचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ती म्हणाली, "अगं, तुमचा तांदूळ हल्ली लवकर शिजतो."

"म्हणजे?"

"म्हणजे पूर्वी अर्धा तास भिजत घालायचे, तरी पाऊण तास चुलीवर खायचा. आता डाळ निवडून होईपर्यंत तयार. पाणीही कमी पितो. मला काय, गॅस वाचतो. पण म्हटलं तुला सांगावं."

"नवी साळ असेल," चिमटाबाई म्हणाली. फोन ठेवल्यावर मात्र तिच्या डोक्यात किडा वळवळायला लागला.

त्याला कारण होतं. वर्षाच्या सुरुवातीला आश्रमातल्या सात-आठ म्हाताऱ्यांच्या पायांना मुंग्या यायला लागल्या होत्या; निवृत्त शिक्षक असलेले गुरुजी त्यांतलेच एक. जिना चढताना पाय लटपटायचे, भूक मेलेली. डॉक्टरांनी रक्त तपासलं, मग स्वयंपाकघरात येऊन ताटं तपासली. दात नाहीत म्हणून सगळ्यांना मऊ पांढरा भात; तोही तांदूळ तीन पाण्यांनी धुऊन, वरची पेज फेकून. डॉक्टर म्हणाले, गोळ्या देतो, पण आधी हा तांदूळ बदला.

तेव्हा चिमटाबाईनेच आपल्या मिलचा नवा तांदूळ सुचवला होता. तिने ताईला बसवून समजावलं होतं. साळीचं तूस काढलं की आत तपकिरी दाणा निघतो. त्याच्यावर कोंड्याचा पातळ थर असतो आणि टोकाला अंकुराचा बारीक डोळा. तेल, चोथा, लोह, नसांना लागणारं ब जीवनसत्त्व, यातलं बहुतेक त्या थरात आणि त्या डोळ्यात. पॉलिशचं यंत्र नेमकं तेवढंच घासून काढतं. म्हणून तांदूळ पांढराशुभ्र होतो, झटपट शिजतो, वर्षभर टिकतो. मिलने नुकताच अर्धसडीचा तांदूळ काढला होता, म्हणजे निम्माच घासलेला, निम्मा कोंडा अंगावर ठेवलेला. चावायला सोपा आणि कामाचं बरंचसं आत राहिलेलं. आश्रमाने तो घेतला. दोन महिन्यांत काहींच्या पायांत जोर आला. आणि आता ताई सांगत होती की लवकर शिजतो.

"मुंग्यांचं कसंय?" चिमटाबाईने दुसऱ्या दिवशी मुद्दाम फोन करून विचारलं.

"गुरुजी परत म्हणायला लागलेत. मला वाटलं, पावसाळी हवेमुळे."

चिमटाबाईने आपली नोंदवही काढली. अर्धसडीच्या प्रत्येक घाण्याचा, म्हणजे एका खेपेला सडलेल्या मालाचा, नमुना तिच्या टेबलावर यायचा. ती तो तपासायची, आकडा लिहायची, सही करायची. नऊ आठवड्यांचे आकडे एका ओळीत, सगळे जिथे असायला हवेत तिथे. इतके नीट की तिला ते आवडेनात. यंत्र म्हटलं की एखादा दिवस इकडे, एखादा तिकडे. इथे तर सगळे शाळेच्या कवायतीला उभे असल्यासारखे.

रविवारी ती आश्रमात गेली आणि कोठारातल्या चार वेगवेगळ्या पोत्यांतून मूठ मूठ तांदूळ चार डब्यांत घेऊन आली. सोमवारी प्रयोगशाळेचं दार लोटून तिने दाणे रंगाच्या द्रावणात टाकले. ही कसोटी सोपी आहे. जिथे कोंडा आहे तिथे दाणा हिरवा होतो, जिथे निघून गेलाय तिथे गुलाबी. तिच्या स्वतःच्या नमुन्याचे दाणे हिरव्या-गुलाबी पट्ट्यांचे निघाले, अर्धसडीचे असावेत तसेच. आश्रमातले चारही डबे गुलाबी. कुठे कुठे हिरवी रेघ, नखाने ओरखडल्यासारखी. टोकाचा डोळा शंभरातल्या सहा दाण्यांना.

कुणीतरी तिच्या सहीच्या आड पांढरा तांदूळ विकत होतं.

कोण, हे तिने तिथल्या तिथे ठरवूनही टाकलं. जावईबापू.

जावईबापू म्हणजे मालकांचे जावई. अर्धसडीची कल्पना त्यांची, पाकिटावरचं चित्र त्यांचं, पॅकिंगच्या खोलीची किल्लीही त्यांच्याकडेच. सतत कानाला फोन, शर्टाला एक सुरकुती नाही, आणि बोलणं असं गोड की चिमटाबाईला ऐकतानाच दात किडल्यासारखे वाटायचे. मागच्या महिन्यात ते जाता जाता म्हणाले होते, "लोकांना जरा उजळ तांदूळ आवडतो हो, मॅडम." तेव्हा तिने लक्ष दिलं नव्हतं. आता तेच वाक्य ती पुन्हा पुन्हा उलटं-सुलटं करून बघत होती. चांगला तांदूळ दाखवायचा तिला, आणि पॅकिंगच्या बंद दाराआड भरायचा पांढरा. साधा डाव होता.

आठवडाभर तिने पाळत ठेवली. पाणी प्यायच्या निमित्ताने पॅकिंगच्या खोलीवरून जायचं, बोलत बोलत आत डोकवायचं. जावईबापू दिसले की ते काय करताहेत यापेक्षा काय लपवताहेत हे बघायचं. त्यांनी कागद उलटा ठेवला तरी तिला अर्थ दिसायचा, सुलटा ठेवला तरी दिसायचा. पण पांढऱ्या तांदळाचं एकही पोतं त्या खोलीत जाताना तिला दिसलं नाही.

मग ती एका दुपारी मागच्या बाजूला गेली. पॉलिशमधून निघालेला कोंडा पंख्याने उडून एका खोलीत येतो आणि तिथे पोत्यांत भरला जातो. पांढऱ्या तांदळाचा दिवस असला की तीस पोती भरतात, हे मिलमधल्या कुणालाही झोपेत विचारलं तरी सांगेल. अर्धसडीच्या दिवशी निम्मा कोंडा दाण्यावरच राहणार. तेव्हा पोती व्हायला हवीत पंधरा. त्या दिवशी अर्धसडीचा घाणा होता. चिमटाबाई भिंतीला पाठ लावून पोती मोजत उभी राहिली. पिठासारखा कोंडा भुवयांवर बसला, नाकात गेला. सत्तावीस.

तिने पुन्हा मोजली. सत्तावीसच.

म्हणजे पॅकिंगमध्ये काही अदलाबदल होत नव्हती. कोंडा इथेच, यंत्रातच उतरवला जात होता. पण एकदा संशय ज्याच्यावर बसला त्याच्यावरून तो हलायला तयार नसतो. तिने मनाशी म्हटलं, हुकूम जावईबापूंचाच असणार.

ती तशीच, भुवया पांढऱ्या, त्यांच्या खोलीत गेली. जावईबापू जेवायला बसले होते.

"सत्तावीस पोती," ती म्हणाली.

"कसली?"

"कोंड्याची. आज. अर्धसडीच्या दिवशी. पाकिटावर एक छापायचं आणि आत दुसरं भरायचं, हे तुम्हाला शोभतं का? माझी सही आहे त्यावर. माझ्या बहिणीच्या हातून तो बेचाळीस म्हाताऱ्यांच्या ताटात जातो."

जावईबापूंनी घास खाली ठेवला. आधी त्यांना काही कळलंच नाही. मग तिने डब्यांचं, रंगाचं, पोत्यांचं सगळं सांगितलं तसा त्यांचा चेहरा उतरत गेला. त्यांनी आपला जेवणाचा डबा तिच्याकडे सरकवला.

"हा बघा. घरी रोज हाच भात असतो. माझ्या वडिलांना साखरेचा त्रास, त्यांना मीच पाठवतो. सासरेबुवा नको म्हणत होते, 'हे खूळ चालणार नाही' म्हणाले, त्यांच्याशी भांडून मी हा काढला. मीच त्यात खोट करेन?"

डब्यातला भात मोकळा आणि उजळ होता. चिमटाबाईने त्याकडे पाहिलं. तो माणूसही नऊ आठवडे फसलाच होता.

"मला एक सांगा, मॅडम," जावईबापू म्हणाले. आवाजात आता गोडी राहिली नव्हती. "तुमचा नमुना चांगला आणि पोत्यातला वाईट. मग नमुना तुमच्या टेबलावर आणतं कोण?"

उत्तर तिला येत होतं, आणि ते तिला नको होतं.

नमुना आणायचे मिस्त्रीकाका. पॉलिशच्या यंत्रावर त्यांची पस्तीस वर्षं गेली होती. यंत्राचा आवाज ऐकून ते सांगायचे, दाणा तुटतोय की नाही. ती नवीन आली तेव्हा तिला साळ ओळखायला त्यांनी शिकवलं होतं. दाताखाली दाणा कसा फोडायचा, कट्ट आवाज आला तर सुकलेला, दबला तर ओला. रोज सकाळी ते एका हातात नमुन्याची पिशवी आणि दुसऱ्या हातात तिच्यासाठी चहा घेऊन यायचे. जगात ज्या दोन-तीन माणसांवर तिने कधी शंका घेतली नव्हती, त्यांतले ते एक.

पुढचा अर्धसडीचा घाणा गुरुवारी होता. ती सकाळी लवकर आली आणि लोखंडी जिन्याने वर चाळणीच्या माचीवर जाऊन उभी राहिली. खाली यंत्र दिसत होतं. त्याच्या तोंडाशी एक झडप असते आणि झडपेच्या दांडीवर लोखंडी वजनं टांगतात. वजन कमी तर तांदूळ झटकन बाहेर पडतो, कोंडा अंगावर घेऊन. वजन जास्त तर आत दाटतो, दाण्याला दाणा घासतो आणि सगळं सोलून निघतं.

मिस्त्रीकाकांनी एक वजन टांगलं आणि यंत्र सुरू केलं. दहा मिनिटं थांबले. बाहेर पडणाऱ्या धारेखाली पिशवी धरून नमुना घेतला, पिशवीचं तोंड बांधलं, वर चिठ्ठी लावली. मग इकडे तिकडे न बघता, रोजचं काम करावं तसं, कोपऱ्यातून आणखी दोन वजनं उचलून दांडीवर टांगली. यंत्राचा आवाज जड झाला.

चिमटाबाई जिना उतरली. काकांनी तिला वरून येताना पाहिलं आणि पिशवी पाठीमागे घेतली. मग काय वाटलं कोण जाणे, पुढे केली.

"चहा आणायचाय अजून," ते म्हणाले.

"काका, ती दोन वजनं काढा."

"काढतो."

"कधीपासून?"

"तो माल परत आला तेव्हापासून."

उन्हाळ्याच्या शेवटी अर्धसडीची शंभर पोती परत आली होती. तांदळाला खवट वास, वर जाळी. मालकांनी मिल डोक्यावर घेतली होती, आणि कोठार सांभाळणारी, पोती शिवणारी शिवणकरीण घरी बसली होती. अकरा वर्षं ती तिथे होती.

"तिची चूक नव्हती," मिस्त्रीकाका म्हणाले. यंत्राच्या आवाजात त्यांना मोठ्याने बोलावं लागत होतं, आणि असलं काही मोठ्याने बोलायची त्यांना सवय नव्हती. "कोंड्यात तेल असतं. उन्हाळ्यात दोन-अडीच महिने पोत्यात ठेवला तर वास मारणारच. मी मालकांना म्हटलं, हा भाजीसारखा विकायला हवा, ताजा ताजा. ते म्हणाले, तांदूळ आहे, टोमॅटो नाही. मग गेली ती. पुढच्या खेपेला माल परत आला असता तर कोण जाणार होतं? मी जरा जास्त घासला. टिकला. कुणी परत पाठवला नाही. मग दर वेळी तसंच."

"आणि मला वेगळा नमुना."

"तुला सांगितलं असतं तर तुला खोट्यावर सही करावी लागली असती. नाही सांगितलं, म्हणून तुझी सही खरी राहिली."

"माझी सही खरी आणि ताटात खोटं? काका, पाय लुळे पडतात माणसांचे."

मिस्त्रीकाकांनी तिच्याकडे पाहिलं. "कोंड्याने?"

"कोंडा नसल्याने. नुसत्या पांढऱ्या भातावर राहिलं तर."

त्यांना हे खरोखरच माहीत नव्हतं. पस्तीस वर्षं त्यांनी कोंड्याला कचरा म्हणून दाण्यापासून सोडवलं होतं. गाईगुरांना जातो, तेलाला जातो, एवढंच त्यांना ठाऊक. पाकिटावर काय छापलंय ते त्यांनी वाचलं नव्हतं. त्यांनी वाकून दोन्ही वजनं काढली आणि जमिनीवर ठेवली. मग म्हणाले, "शिवणकरणीचा तो कागद तूच लिहिला होतास ना?"

लिहिला होता. परत आलेल्या मालाचा अहवाल तिचाच. 'कारण: सदोष साठवण'. एका ओळीत. तेव्हा तिने ना दिवस मोजले होते, ना कोठाराची उष्णता. कोठार शिवणकरीण सांभाळायची, म्हणजे दोष तिचा, इतकं ते सरळ वाटलं होतं. सगळ्या जगावर शंका घेणाऱ्या बाईने स्वतःच्या कागदावर कधी घेतली नव्हती.

दुपारी ती आणि मिस्त्रीकाका दोघंही मालकांपुढे उभी राहिली. मालक आधी काकांवर ओरडले, मग तिच्यावर, मग जावयावर, "हे खूळ तुमचं" म्हणून. मालकांचा श्वास संपल्यावर जावईबापूंनी सांगितलं की बाजारातली पाकिटं परत मागवली आहेत, हुकमाची वाट न बघता. इथून पुढे अर्धसडी आठवड्याला एकच घाणा, लहान पाकिटं आणि दोन महिन्यांची तारीख. ज्यांना टिकाऊ माल हवा त्यांच्यासाठी काय, असं मालकांनी विचारलं तेव्हा उत्तर मिस्त्रीकाकांनी दिलं.

"उकडा करा. साळ तुसासकट उकडून मग सडली तर तांदूळ टिकतो, तुटतही नाही. पूर्वी करायचो आपण."

"आणि त्यात कोंड्यातलं बरंच काही उकडताना दाण्यात उतरतं," चिमटाबाई म्हणाली. "मग वरून घासलं तरी सगळं जात नाही."

पूर्वी ते जे करायचे त्याचं कारण काकांना आज कळलं होतं.

मालकांनी हो म्हटलं नाही, पण नाहीही म्हटलं नाही. काकांना मात्र त्यांनी यंत्रावरून काढून साळीच्या वजनकाट्यावर बसवलं. कामावरून घालवलं नाही, हेच पुष्कळ असं सगळे म्हणाले.

ताईला सांगणं सर्वांत अवघड गेलं. ताई पळ्या धूत होती. ऐकून घेतलं आणि नळ बंद केला.

"किती आठवडे?"

"नऊ."

"मी फोन केला नसता तर?"

ताईने पळ्या फडक्यावर उपड्या घातल्या. "गुरुजींना तूच सांग. ते मला म्हणत होते, पायांना काहीतरी कमी पडतंय, मी म्हणत होते, हवा पावसाळी आहे." गुरुजींनी शांतपणे ऐकलं आणि एवढंच विचारलं, नवा तांदूळ कधीपासून.

राहिली शिवणकरीण. चिमटाबाईने नवा अहवाल लिहिला, जुना चुकीचा होता असं त्यात स्पष्ट घातलं, मालकांची सही घेतली आणि स्वतः तिच्या घरी गेली. एका खोलीचं घर, खिडकीशी शिवणयंत्र. शिवणकरीण उशांच्या खोळी शिवत होती. तिने या म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. पाय चालूच होता.

"आता कशावर सही हवीय?" तिने विचारलं.

"काही नको. हा कागद द्यायला आले. तुमची चूक नव्हती, असं लिहिलंय."

यंत्र थांबलं. शिवणकरणीने कागद घेतला, उजेडात धरला, दोनदा वाचला. मग उलटा करून मागची बाजू बघितली. तिथे काही नव्हतं, तरी बघितली.

"हे आजच का?"

चिमटाबाईने सगळं सांगितलं. वजनांचं, काकांचं, कोंड्यातल्या तेलाचं. आपल्या एका ओळीचंही. शिवणकरीण ऐकत होती, पण डोळ्यांत विश्वास नव्हता. या बाईचा अजून काय डाव आहे, एवढंच ती शोधत होती. चिमटाबाईला ती नजर ओळखीची होती. त्या नजरेच्या या बाजूला उभं राहायची मात्र तिला सवय नव्हती.

"मालक परत या म्हणतायत," ती शेवटी म्हणाली.

"मालक म्हणतायत की तुम्ही?"

"दोघंही."

"मग मालकांना येऊन सांगायला सांगा." शिवणकरणीने कागदाची घडी घातली. "आणि हा ठेवून घेते. नक्कल तुमच्याकडे असेलच."

तिने पुन्हा खोळ सुईखाली सरकवली. चिमटाबाई जिना उतरून रस्त्यावर आली. मालक काही त्या जिन्याने चढणार नाहीत हे तिला माहीत होतं. पण आठ दिवसांनी जावईबापू गेले, आणि त्यानंतरच्या सोमवारी शिवणकरीण कामावर आली. आल्या आल्या तिने कोठाराच्या भिंतीवर उष्णतामापक लावून घेतला आणि कोठाराची नोंदवही स्वतःच्या ताब्यात घेतली. त्या वहीत ती रोज दोनदा आकडा लिहिते, आणि खाली चिमटाबाईची सही घेतल्याशिवाय तिला जाऊ देत नाही.